पीएलजीएमध्ये पेप्टाइड बिघडलं की दोष आम्लाचाच असतो का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पेप्टाइड आठ अमिनो आम्लांचं, ऑक्ट्रिओटाइड या औषधाच्या धर्तीचं, डायसल्फाइड बंधाने वळलेलं. त्यात एक लायसिन आणि मोकळं एन-टोक (साखळीचं अमाइन गटाचं टोक). पॉलिमर ५०:५० पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांची एककं निम्मी-निम्मी जोडून केलेला, शरीरात हळूहळू विघटित होणारा), साखळीच्या टोकाला मोकळा आम्लगट असलेला. मायक्रोस्फिअर्स (पॉलिमरचे सूक्ष्म गोल) दुहेरी इमल्शनने केलेले, म्हणजे पेप्टाइडचं पाणी पॉलिमरच्या द्रावणात आणि ते पुन्हा बाहेरच्या पाण्यात घुसळून, औषध महिनाभर सुटत राहावं ही अपेक्षा. २८ व्या दिवशी एचपीएलसीवरच्या (रेणू वेगळे करून आलेखावर शिखरं दाखवणारी पद्धत) मुख्य शिखरावरून हिशेब केला तर जेमतेम ६० टक्के बाहेर आलेलं. एचपीएलसीवर मुख्य शिखराच्या मागे दोन नवी शिखरं, आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीत त्यांचं वस्तुमान मूळ रेणूपेक्षा ५८ आणि ७२ डाल्टनने जास्त. प्रश्नकर्ते लिहितात, “पीएलजीए विघटित होताना आत आम्ल साचतं असं सगळीकडे वाचलं, म्हणून आतल्या पाण्यात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घातलं. शिखरं कमी व्हायच्या ऐवजी वाढली. काय चुकलं?”

तुम्ही वाचलंत ते खरं आहे. फक्त त्यातलं बरंचसं दुसऱ्या प्रकारच्या रेणूंबद्दल लिहिलेलं आहे. मायक्रोस्फिअरच्या आत पेप्टाइडवर दोन अगदी वेगळी संकटं येतात. एक आम्लामुळे येतं. दुसरं खुद्द पॉलिमरच्या एस्टर बंधांमुळे येतं, आणि त्याला आम्ल उलट थोडा लगाम घालतं. तुमची दोन शिखरं या दुसऱ्या जातीची आहेत. म्हणून “आम्ल कसं मारू?” हा प्रश्न बाजूला ठेवा आणि “माझं पेप्टाइड पॉलिमरला चिकटतं कुठे आणि कधी?” हा हाती घ्या.

आम्लाचं प्रकरण आधी संपवतो. पीएलजीएमध्ये पाणी शिरलं की एस्टर बंध तुटायला लागतात. प्रत्येक तुटलेल्या बंधामागे एक नवा कार्बॉक्सिल गट तयार होतो आणि तो पुढचे बंध तोडायला मदत करतो. पृष्ठभागाजवळचे छोटे तुकडे बाहेर पडतात, गाभ्यातले अडकून राहतात. त्यामुळे बाहेरचं द्रावण ७.४ पीएचचं असलं तरी आतल्या छिद्रांमधलं पाणी ३ किंवा त्याहून कमी पीएचला गेलेलं सापडू शकतं. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं अशा पाण्यात उलगडतात, गुठळ्या होतात, तुटतात. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडसारखे कमी विरघळणारे आम्लारी आत घातले की हे बरंच टळतं, हे २००० साली नेचर बायोटेक्नॉलॉजीत आलेल्या श्वेंडमन गटाच्या कामातून ठळकपणे पुढे आलं. ते काम भक्कम आहे. पण ती गोष्ट घडी मोडणाऱ्या प्रथिनांची. आठ अमिनो आम्लांच्या, डायसल्फाइडने आधीच बांधलेल्या पेप्टाइडची घडी काय मोडणार?

आता तुमचे आकडे बघा. ग्लायकॉलिक आम्लाचं वस्तुमान ७६. त्यातून पाण्याचे १८ गेले की ५८. लॅक्टिक आम्लाचं ९०. १८ वजा केले की ७२. म्हणजे पेप्टाइडला एकदा ग्लायकॉलिक आणि एकदा लॅक्टिक एकक जोडलं गेलंय. पेप्टाइडवरचा मोकळा अमाइन गट पॉलिमरच्या एस्टर कार्बोनिलवर हल्ला करतो, साखळी तिथे तुटते, आणि तुटलेला तुकडा अमाइड बंधाने पेप्टाइडला कायमचा चिकटतो. हेच अ‍ॅसायलेशन. अमाइनवरचा धनभार गेल्यामुळे आणि कार्बन वाढल्यामुळे असे रेणू एचपीएलसीच्या उलट-प्रावस्था (पाण्याला नावडणाऱ्या रेणूंना धरून ठेवणाऱ्या) स्तंभावर सहसा उशिरा बाहेर येतात, तुमच्याकडे आलेत तसे. चांगल्या यंत्रावर ११६, १३० आणि १४४ने वाढलेले रेणूही शोधा: दोन ग्लायकॉलिक, एकेक, आणि दोन लॅक्टिक. ते एकाच अमाइनवर लागोपाठ बसलेले असू शकतात किंवा दोन अमाइनवर एकेक. हे तुकडे पाडून ओळखता येतं आणि ते ओळखायलाच हवं, कारण लायसिनवरचं अ‍ॅसायलेशन आणि एन-टोकावरचं अ‍ॅसायलेशन यांचा औषधाच्या परिणामावर सारखाच फरक पडेल असं गृहीत धरता येत नाही. ऑक्ट्रिओटाइडच्या जातीत तर ग्राही प्रथिनाशी जुळणाऱ्या भागातच लायसिन बसलेलं असतं.

एक अंदाज सांगतो, तुमच्या आलेखावर पडताळून बघा: पॉलिमर ५०:५० असूनही ५८चं शिखर ७२च्या शिखरापेक्षा मोठं असणार. लॅक्टिक एककावर एक मिथाइल गट वाटेत उभा असतो, ग्लायकॉलिकवर कोणी नसतं. अमाइनला मोकळी वाट आवडते. हे लक्षात ठेवा, पॉलिमर निवडताना पुन्हा लागेल.

आता मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने घोटाळा का केला असावा? हल्ला करायला अमाइनकडे इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी लागते. प्रोटॉन बसलेला अमाइन, म्हणजे धनभारित, हल्ला करू शकत नाही. एन-टोकाच्या अमाइनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडतात तो आकडा) साधारण ७च्या आसपास धरा, लायसिनच्या बाजूसाखळीचा १०च्या आसपास. पीएच ३ असताना एन-टोकांपैकी दहा हजारांत एखादंच मोकळं असतं. पीएच ६ केला की दहा-अकरांत एक मोकळं. म्हणजे हल्लेखोरांची संख्या जवळजवळ हजारपट झाली. लायसिनच्या बाबतीत आकडे खूप लहान आहेत, पण प्रमाण तसंच वाढतं. डायसल्फाइड बंधाचंही लक्षात घ्या. तो आम्लात बऱ्यापैकी सुखात असतो, आम्लारीत त्याची अदलाबदल आणि तूटफूट सुरू होते.

दुसरी बाजू पॉलिमरची. त्याच्या टोकाचे कार्बॉक्सिल गट साधारण ३.८ पीकेएचे. पीएच ३ला त्यातले बहुतेक निर्भार असतात, ५-६ला जवळजवळ सगळे ऋणभारित. तुमच्या पेप्टाइडवर त्याच वेळी दोन धनभार. मग व्हायचं तेच होतं: पेप्टाइड पॉलिमरच्या भिंतीला जाऊन चिकटतं. आणि हे चिकटणं अ‍ॅसायलेशनची पहिली पायरी आहे, यावर ऑक्ट्रिओटाइडवरचं काम बऱ्यापैकी एकमुखाने बोलतं. द्रावणात भटकणाऱ्या पेप्टाइडपेक्षा भिंतीला चिकटून दिवसेंदिवस शेकडो एस्टर बंधांच्या कुशीत बसलेल्या पेप्टाइडची अभिक्रिया सहज होते, यात नवल नाही. थोडक्यात, पीएच वर नेऊन तुम्ही चिकटण्याची शक्यताही वाढवलीत आणि चिकटल्यावर अभिक्रिया होण्याचीही.

इथे एक “पण” प्रामाणिकपणे सांगायला हवा. उद्या कुणी म्हणेल की आमच्याकडे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घालून अ‍ॅसायलेशन कमी झालं, तर मी त्यांना खोटं ठरवणार नाही. मॅग्नेशियमचा दुहेरी धनभार स्वतः कार्बॉक्सिलवर जाऊन बसतो आणि पेप्टाइडची जागा अडवतो, म्हणजे तो तुमच्या बाजूचा आहे. हायड्रॉक्साइड विरुद्ध बाजूचा. कोण जिंकतं हे किती घातलंत, कणांचा आकार केवढा, ते पॉलिमरात एकसारखं पसरलं का, गोल केवढे आहेत आणि पाणी किती वेगाने शिरतं यावर ठरतं. शिवाय पॉलिमरच्या विघटनाचा वेगही बदलतो, त्यामुळे पेप्टाइडला आत किती दिवस काढावे लागतात तेही बदलतं. एका वाक्यात नियम सांगणाऱ्यावर इथे विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही.

त्यातही तुमच्या प्रयोगात मला एक वेगळा संशय आहे. तुम्ही ते आतल्या पाण्यात घातलंत, म्हणजे पेप्टाइडच्याच द्रावणात. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचं संपृक्त पाणी १०च्या वर पीएच दाखवतं. पेप्टाइड त्या पाण्यात, शेजारी डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळलेला पॉलिमर, वरून होमोजिनायझर, आणि मग द्रावक उडेपर्यंत काही तास. अर्धं नुकसान औषध सुटायला लागण्याआधीच झालं असेल. म्हणून पहिला प्रश्न: शून्याव्या दिवसाचा नमुना काढलात का? मायक्रोस्फिअर्स सुकवून बाहेर काढल्याबरोबर, बफरमध्ये टाकण्याआधी, आतलं पेप्टाइड काढून बघितलंत का? तुमच्या वर्णनात तो आकडा नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गाळली जाणारी चाचणी हीच.

शून्याव्या दिवशीच शिखरं असतील तर प्रक्रिया सुधारा. नसतील आणि सातव्या-चौदाव्या दिवसापासून दिसायला लागली असतील तर पॉलिमर आणि क्षारांकडे बघा. सुटलेल्या द्रावणात आहेत पण आत उरलेल्या पेप्टाइडमध्ये नाहीत, असं निघालं तर आणखी तिसरीच गोष्ट. हे ठरवल्याशिवाय घटक बदलत राहणं म्हणजे काळोखात गोळीबार.

आत उरलेलं पेप्टाइड बाहेर काढण्याबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण मी स्वतः इथे सपशेल आपटलोय. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही एका लायसिनवाल्या पेप्टाइडचा शिल्लक साठा मोजायला मायक्रोस्फिअर्स सरळ सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवायचो. पॉलिमर बघता बघता नाहीसा व्हायचा, द्रावण स्वच्छ दिसायचं, आम्ही खूश. पुढचे दोन महिने ज्या शिखरांवर बैठका झाल्या, ती त्या बीकरमध्येच जन्माला येत होती. मायक्रोस्फिअर बिचारा निर्दोष होता. एका कनिष्ठ सहकाऱ्याने रिकामे मायक्रोस्फिअर्स घेऊन, त्यात ताजं पेप्टाइड टाकून तीच कृती केली आणि शिखरं हुबेहूब उगवली, तेव्हा आमचे डोळे उघडले. तेव्हापासून ती चाचणी मी कोणत्याही आकड्याआधी मागतो: रिकाम्या गोलांमध्ये ताजं पेप्टाइड मिसळा, लगेच तुमच्या पद्धतीने काढा. नवी शिखरं दिसली तर पद्धत दोषी. शिखरं नाहीत पण पेप्टाइड कमी परत आलं तर ते काढतानाच पॉलिमरला चिकटून राहतंय.

मी सहसा पॉलिमर डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवतो आणि पेप्टाइड ४ पीएचच्या आसपासच्या अ‍ॅसिटेट बफरमध्ये ओढतो, त्या बफरमध्ये मीठ बऱ्यापैकी ठेवून. मीठ चिकटलेल्याला सोडवतं, आम्लीय पीएच अमाइनला गप्प बसवतो. एकदा ओढून थांबू नका. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेत किती येतं ते बघा. तिसऱ्या खेपेतही लक्षणीय येत असेल तर तुमचा “६० टक्के” हा आकडाच पुन्हा तपासायला हवा.

त्या ६० टक्क्यांबद्दलच पुढे. तो फक्त मुख्य शिखराचा आहे ना? मग उरलेले ४० टक्के नष्ट झाले असं म्हणू नका. हिशेब असा मांडा: बाहेर आलेलं मूळ पेप्टाइड, बाहेर आलेली जोड-रूपं (५८-७२ने वाढलेले रेणू), आत उरलेलं मूळ, आत उरलेली जोड-रूपं. अ‍ॅसायलेशनने ट्रिप्टोफॅनच्या प्रकाश-शोषणात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे २८० नॅनोमीटरवर सगळ्यांची क्षेत्रफळं एकाच मापाने बेरजेला घेता येतात. बेरीज १००च्या जवळ आली तर तुमचं कोडं रसायनशास्त्राचं आहे. ८५ आली तर १५ टक्के कुठेतरी घट्ट चिकटलंय, गुठळ्या होऊन न विरघळणारं झालंय किंवा गाळणीवर अडकलंय. आणि हो, बाहेर पडलेलं पेप्टाइड दोन नमुन्यांच्या मध्ये सात-सात दिवस ३७ अंशांवर बफरमध्ये बसून असतं. रिकाम्या गोलांच्या सोबतीने ताजं पेप्टाइड त्याच बफरमध्ये तेवढेच दिवस ठेवून बघा. बफरमध्ये ट्वीन (साबणासारखं काम करणारा घटक) वापरत असाल तर त्यातल्या पेरॉक्साइडकडेही लक्ष द्या. जुन्या बाटलीतला ट्वीन ट्रिप्टोफॅनला त्रास देतो आणि दोष विनाकारण पीएलजीएला मिळतो.

चिकटण्याची चाचणी अगदी सोपी आणि स्वस्त आहे, तरी लोक टाळतात. त्याच पॉलिमरची पूड घ्या, ७.४ पीएचच्या हेपिस बफरमध्ये पेप्टाइडच्या द्रावणात टाका, ३७ अंशांवर हलवत ठेवा. काही तासांनी, मग एका दिवसाने, मग काही दिवसांनी द्रावणात किती उरलं ते मोजा. सोबत दुसरी बाटली कॅल्शियम क्लोराइड घातलेली. फॉस्फेट बफर इथे नको, कॅल्शियम त्यात खाली बसेल आणि तुम्ही साक्याचा अभ्यास करत बसाल. कॅल्शियमच्या बाटलीत पेप्टाइड द्रावणातच टिकलं आणि साध्या बाटलीत झपाट्याने कमी झालं, तर गुन्हेगाराचा पत्ता लागला: भार-भाराचं आकर्षण.

मग उपाय काय? मी कोणत्या क्रमाने जाईन ते सांगतो, हा माझा कल आहे असं समजा.

सगळ्यात आधी पॉलिमर बदलून बघेन, कारण त्यात मेहनत कमी आणि शिकायला जास्त मिळतं. आम्लटोकाऐवजी एस्टरने झाकलेल्या टोकाचा पॉलिमर घेतला की सुरुवातीला चिकटायला जागाच कमी असतात. पण हा फायदा कायमचा नाही. साखळ्या तुटायला लागल्या की नवे कार्बॉक्सिल तयार होतातच, म्हणून पहिल्या आठवड्यांत चित्र सुधारतं आणि शेवटी थोडंफार तेच पुढे येतं. झाकलेल्या टोकाचा पॉलिमर पाणीही हळू घेतो, त्यामुळे सुटण्याचा आलेख लांबतो. भरपाई म्हणून कमी रेणुभाराचा घ्यावा लागेल. दुसरा पर्याय लॅक्टाइड वाढवण्याचा, ७५:२५ किंवा त्याहून पुढे. ग्लायकॉलिक एककं कमी म्हणजे अमाइनला मोकळी वाट कमी, हे आधी आलंच आहे. इथेही वेळापत्रक लांबतं. एका महिन्याची अट असेल तर हे दोन्ही एकदम करायला जाल तर मधल्या आठवड्यांत औषध सुटायचंच थांबेल.

पॉलिमरचा तोच दर्जा दोन पुरवठ्यांत वेगळा निघू शकतो, हेही ध्यानात घ्या. उरलेले लॅक्टाइड-ग्लायकोलाइड आणि छोट्या साखळ्यांचं प्रमाण बघा. कागदावर रेणुभार सारखाच असतो, आम्लमूल्य (मोकळ्या आम्लगटांचं माप) मात्र निराळं. माझ्या टेबलावर येणाऱ्या “अचानक बिघडलं” या तक्रारींपैकी कित्येक इथे येऊन थांबतात.

त्यानंतर क्षार. कॅल्शियमची कल्पना चाचणीत जितकी देखणी दिसते तितकी मायक्रोस्फिअरमध्ये सोपी नाही. कॅल्शियम क्लोराइड भरपूर विरघळतं. आतल्या पाण्यात घातलं की परासरणाचा दाब वाढून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, गोल सच्छिद्र होतात आणि पहिल्याच दिवशी औषधाचा मोठा लोंढा बाहेर पडतो. बाहेरच्या पाण्यात मीठ ठेवून तो दाब सांभाळता येतो. पण कॅल्शियमही पेप्टाइडबरोबर बाहेर निसटत जातं आणि कार्बॉक्सिल मात्र महिनाभर वाढत राहतात. म्हणून याला मी मदतनीस म्हणतो, तारणहार नाही.

पेप्टाइडचा स्वतःचा क्षार बदलणं मला जास्त आवडतं. अ‍ॅसिटेटऐवजी पामोएट. पामोइक आम्लाचे दोन ऋणभार पेप्टाइडच्या धनभारांशी आधीच जोडी जमवून बसतात आणि तो क्षार पाण्यात जेमतेम विरघळतो, त्यामुळे भिंतीकडे धावणारं मोकळं पेप्टाइड कुठल्याही क्षणी थोडंच असतं. ट्रिप्टोरेलिन आणि पासिरिओटाइड यांची पामोएट रूपं पीएलजीएमध्ये बाजारात आलेली आहेत. त्यामागे निव्वळ स्थैर्याचाच विचार होता असं नव्हे, विरघळण्याचा आणि सुटण्याच्या वेगाचाही असतो. यासाठी तुम्हाला दुहेरी इमल्शन सोडावं लागेल. न विरघळणारा क्षार आतल्या पाण्यात काय घालणार? घन कण पॉलिमरच्या द्रावणात पसरवून मग पाण्यात, असा मार्ग घ्या. त्यात पेप्टाइडचा पाण्यातला वेळही वाचतो.

पेप्टाइडच्याच अमाइनवर संरक्षक गट किंवा पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) साखळी चढवणं हा रसायनाच्या दृष्टीने सगळ्यात खात्रीचा इलाज. ऑक्ट्रिओटाइडवर तसं करून अ‍ॅसायलेशन रोखल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. पण तो मग नवा रेणू होतो, नवी परिणामकारकता, नवी विषचाचणी. प्रबंधासाठी छान, ओळखीचं औषध दुसऱ्या रूपात आणायचं असेल तर हा रस्ता धरू नका.

आम्लारी पूर्णपणे सोडायचाच असेल असंही नाही. फार थोडा, सौम्य, म्हणजे कार्बोनेटच्या जातीचा, आणि आतल्या पाण्यात न घालता पॉलिमरच्या द्रावणात बारीक पूड करून, असा प्रयोग करून बघायला हरकत नाही. आतला पीएच ४-५च्या पट्ट्यात राहिला तर आम्लाचं टोकाचं नुकसानही टळतं आणि अमाइनही बऱ्यापैकी झाकलेला राहतो. ७कडे नेऊ नका.

हे सगळं तुमच्या पेप्टाइडपुरतं. वाचणाऱ्या इतरांनी आपल्या रेणूकडे बघून ठरवावं. ल्युप्रोलाइड हे पेप्टाइड औषध घ्या: त्याचं एन-टोक पायरोग्लुटामिक आम्लाने बंद, सी-टोक एथिलअमाइडने बंद, लायसिन नाही. हल्ला करायला प्राथमिक अमाइनच नाही. आर्जिनिन आहे, ते चिकटण्याचं काम करतं, पण त्याचा भार सहजासहजी जात नाही. १९८९ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला ल्युप्रोलाइडचा महिन्याचा डेपो (एकदा टोचलं की महिनाभर सुटत राहणारं औषध) इतका गुणी का निघाला, यात त्या रेणूच्या या नशिबाचा वाटा मोठा आहे. म्हणून “ल्युप्रोलाइडला चाललं तर आपल्यालाही चालेल” हा युक्तिवाद कुणी केला की मी आधी अमिनो आम्लांचा क्रम मागतो.

एक्सेनाटाइड हे पेप्टाइड औषध दुसऱ्या टोकाला. ३९ अमिनो आम्लं, एन-टोकाला मोकळं हिस्टिडिन, १२ आणि २७ क्रमांकावर लायसिन, १४ वर मेथिओनिन, २८ वर अ‍ॅस्परॅजिन आणि त्याच्या लगेच पुढे ग्लायसिन. अ‍ॅस्परॅजिन-ग्लायसिन ही जोडी डीअमिडेशनसाठी (बाजूसाखळीतला अमाइड गट आम्लगटात बदलण्यासाठी) बदनाम आहे. तिथे वस्तुमानात एकच डाल्टन वाढेल, तुमच्यासारखं ५८ नाही. साध्या यंत्रावर ते नजरेतून सुटतं. मेथिओनिन ऑक्सिडाइझ झालं तर १६. वस्तुमान तेच पण शिखर सरकलेलं, असं दिसलं तर अ‍ॅस्पार्टिक आम्लाचं आयसो-रूप किंवा एखाद्या केंद्राचं डावं-उजवं बदलणं मनात आणा. एवढी दुखणी असूनही हा रेणू पीएलजीएमध्ये बसवून आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन २०१२ साली अमेरिकेत मान्य झालं.

ऑक्ट्रिओटाइडचं तसंच. ५५:४५चा, ग्लुकोजच्या केंद्रातून फुटलेल्या फांद्यांचा पीएलजीए घेतलेला महिन्याचा डेपो अमेरिकेत १९९८पासून आहे, आणि हेच पेप्टाइड पीएलजीएमध्ये अ‍ॅसायलेट होतं हे उघड गुपित आहे. शिखर शून्यावर आणण्याच्या मागे लागून वर्ष घालवू नका. किती तयार होतं, कुठे जोडलं जातं, त्या रूपाची क्रिया किती उरते, शरीर त्याला परकं मानतं का, आणि प्रत्येक खेपेत ते तेवढंच येतं का, या प्रश्नांची उत्तरं असतील तर ठरावीक प्रमाण समर्थनीय ठरू शकतं. उत्तरं नसतील तर अर्धा टक्काही बोचेल.

साठवणीबद्दल आणि निर्जंतुकीकरणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी घाईत दोन गोष्टी. कोरड्या स्थितीत अभिक्रिया मंद असते, पण उरलेली ओल आणि उरलेला द्रावक पॉलिमरला मऊ करतात आणि मऊ पॉलिमरमध्ये रेणू हलायला लागतात. डायक्लोरोमिथेनची आंतरराष्ट्रीय मर्यादा ६०० पीपीएम आहे. मर्यादेत बसलात तरी ओल वेगळी मोजा. आणि शेवटी गॅमा किरणांनी निर्जंतुक करू असा बेत असेल तर २५ किलोग्रेच्या मात्रेवर पॉलिमरचा रेणुभार किती घसरतो आणि ट्रिप्टोफॅनचं काय होतं ते आजच एका छोट्या नमुन्यावर बघून ठेवा, शेवटच्या महिन्यात नको.

आणखी एक मोह आवरा: ५० अंशांवर दोन दिवसांत सुटणं बघून ३७ अंशांवरच्या अ‍ॅसायलेशनबद्दल बोलण्याचा. पाणी प्यायलेला पीएलजीए तोवर काचेसारखा कडक राहिलेला नसतो, सुटण्याची रीतच बदललेली असते, आणि सुटणं नि अ‍ॅसायलेशन तापमानाबरोबर एकाच प्रमाणात वाढत नाहीत. खेपांची आपसांत तुलना करायला ती चाचणी ठीक.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात नवे मायक्रोस्फिअर्स करायलाच बसलो नसतो. फ्रीजमध्ये ठेवलेल्या दोन्ही खेपा काढा, मॅग्नेशियमवाली आणि बिनमॅग्नेशियमची. शून्याव्या दिवसाचं पेप्टाइड आम्लीय बफरने काढून बघा, सोबत रिकाम्या गोलांत ताजं पेप्टाइड मिसळलेला नमुना. त्याच वेळी हेपिसच्या दोन बाटल्या लावा, एक कॅल्शियमची, एक साधी. ५८ आणि ७२ची क्षेत्रफळं वेगवेगळी नोंदवा, एकत्र नको. मॅग्नेशियमच्या खेपेत शून्याव्या दिवशीच शिखरं असतील तर ते इमल्शन करतानाच घडलं, आणि मग पॉलिमरला हात लावायच्या आधी आतल्या पाण्याचा पीएच बदला. आकडे आले की पॉलिमरचं आम्लमूल्य आणि पेप्टाइडचा भरणा किती टक्के होता तेही त्यांच्यासोबत लिहा. त्या दोन गोष्टी कळल्याशिवाय पामोएट आधी की झाकलेलं टोक आधी, हे मी सांगू शकणार नाही.